जुळी कोकरं देणारी मेंढी : नर घेताना काय बघायचं?

फलटण : दख्खनी मेंढी सहसा एका वेताला एकच कोकरू देते. लोकरीतून कातरणीची मजुरीही अनेकदा निघत नाही, घर चालतं ते कोकरं विकून. त्यामुळे जुळं होणं हा इथं सरळ पैशाचा प्रश्न आहे.

यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, काम केलं. सुंदरबनातली गॅरोल मेंढी अंगानं लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातला 'फेक-बी' जनुक दख्खनी कळपात आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. ऑस्ट्रेलियातलं न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांची साथ होती. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातही हा जनुक बंगालच्याच मेंढ्यांबरोबर गेला, असं मानतात.

आता कामाची गोष्ट. हा गुण दिसतो फक्त मादीत. नर कितीही उमदा असो, त्याच्याकडं बघून काही कळत नाही, रक्ताची तपासणीच लागते. नराकडं जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक कोकरात एक प्रत उतरते, एकच असेल तर साधारण निम्म्यांत. मादीला एक प्रतही पुरते. म्हणजे आज नर आणला तरी जुळी दिसणार त्याच्या लेकी विणाऱ्या झाल्यावर.

आणि जुळं झालं की आईचं दूध दोघांना पुरलं पाहिजे. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि व्यायल्यावर वाढीव खुराक नसेल, तर दुसरं कोकरू हाती लागेलच असं नाही. कळप घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यांनी आधी ही सोय बघावी, मग नराचा भाव विचारावा.