पावसाचा हिशेब ठेवणारं गाव

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती? तुमच्या पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर. बस, तेवढाच! एवढ्याशा पावसानं अंगण तरी धड भिजतं का?

थांबा, जरा गणित करू या. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं १०,००० लिटर. म्हणजे एक मोठा टँकर भरला की! आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव घ्या. त्याचं क्षेत्र आहे सुमारे ९७५ हेक्टर. त्या गावावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की जवळजवळ एक कोटी लिटर पाणी पडलं म्हणायचं. तिथे वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे झाले जवळजवळ चारशे कोटी लिटर!

मग मला सांगा, एवढं पाणी आभाळातून पडत असताना या गावात दुष्काळ का पडायचा? १९७२ च्या मोठ्या दुष्काळानंतर तर गाव पार खचलं होतं. विहिरी आटलेल्या, डोंगर बोडके आणि कामासाठी माणसं मुंबई-पुण्याला निघून गेलेली.

याचं उत्तर डोंगरावर सापडतं. झाडं तुटली, गवत गुरांनी मुळापर्यंत खाल्लं, की पावसाचा थेंब थेट उघड्या मातीवर आदळतो. मातीची छिद्रं बुजतात, पाणी आत शिरत नाही. ते उतारावरून धावत सुटतं आणि जाताना मातीही घेऊन जातं. तासाभरात सगळं पाणी ओढ्याला आणि तिथून गावाबाहेर. शिवाय आपल्याकडे जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे, ज्वालामुखीच्या लाव्हाचा कठीण खडक. पाणी साठतं ते त्याच्या भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. तिथे ते सावकाश झिरपतं. धावत्या पाण्याला एवढा वेळ कुठून असणार?

तेव्हा पाण्याला थांबवायचं. त्यासाठी डोंगराच्या अंगावर आडवे चर खणतात. साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. अशा एक मीटर लांबीच्या चरात १८० लिटर पाणी मावतं. शंभर मीटरचा चर खणला, तर एका भरण्यात १८,००० लिटर. ते जिरलं, की पुढच्या पावसात चर पुन्हा रिकामा असतोच.

पण खरी गंमत चर आखण्यात आहे. चर सगळीकडे अगदी एका पातळीत हवा. एक टोक थोडं जरी खाली गेलं, तरी सगळं पाणी तिकडे गोळा होतं, चराच्या कडेचा बांध फोडतं आणि होती नव्हती ती मातीही वाहून नेतं. मग वाकड्यातिकड्या डोंगरावर सपाट रेघ काढायची कशी? पाण्यालाच विचारायचं! दोन उभ्या काठ्या घ्यायच्या, दोन्हींवर मोजपट्टी. एक लांब पारदर्शक नळी दोन्ही काठ्यांना बांधायची आणि तिच्यात पाणी भरायचं. बुडबुडा मात्र राहू द्यायचा नाही. एकानं काठी धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं आपली काठी वर-खाली सरकवत फिरायचं. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला आलं, की दोन्ही जागा एका उंचीवर! तिथे फक्कीनं खूण करायची आणि पुढे जायचं. सगळ्या खुणा जोडल्या, की डोंगराच्या वळणाप्रमाणे वळत जाणारी समपातळी रेषा तयार. या काठ्या-नळीच्या साधनाला म्हणतात हायड्रोमार्कर. २०१६ साली पाणी फाउंडेशन या संस्थेची, गावागावांत पाणी अडवण्याची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, तेव्हा तिथल्या गावकऱ्यांच्याही हातात हे साधन आलं. त्या वर्षी साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं.

हिवरे बाजारचं काम त्याच्या कितीतरी आधीचं, १९९० च्या आसपासचं. सरपंच पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी श्रमदानानं डोंगरावर चर खणले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. गुरांना डोंगरावर सोडायचं नाही, गवत विळ्यानं कापून घरी आणायचं. मुळं शाबूत राहिली, गवत वाढलं, आणि गाई-म्हशींना चाराही मिळाला. पूर्वी गावात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध निघायचं, ते पुढे हजारो लिटरवर गेलं. बाहेर गेलेली कितीतरी कुटुंबं गावात परतली.

एवढं झाल्यावर आता पाणीच पाणी, हवं तेवढं उपसा, असं वाटेल ना? इथेच हे गाव मला सगळ्यात शहाणं वाटतं. चर खणायला घाम लागतो, पण आलेलं पाणी जपून वापरायला त्याहून मोठं मन लागतं. हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांच्या पिण्याचं पाणी, मग गुरांचं, आणि उरलेल्यातून शेती. पाऊस कमी झाला, तर कमी पाण्याची पिकं घ्यायची. उसासारखं भरमसाट पाणी पिणारं पीक नको. शेतीसाठी बोअरवेल नाही, कारण खोलवरच्या भेगांत वर्षानुवर्षं साठलेलं पाणी ती भराभर ओढून घेते आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. स्वतःच्या शेतातही मनाला येईल ते पीक घ्यायचं नाही, हे सगळ्या गावानं मिळून मान्य करणं सोपं नाही बरं!

आता तुमची पाळी. जूनमध्ये सरळ उभ्या बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीनं त्यातलं पाणी मोजा, आकडा वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. घराच्या छपराची लांबी-रुंदी मीटरमध्ये काढून गुणाकार करा. त्याला पावसाच्या मिलिमीटरनं गुणलं, की छपरावर पडलेलं पाणी थेट लिटरमध्ये मिळेल. मग घरात रोज किती बादल्या लागतात तेही मोजा आणि दोन्ही आकडे आई-बाबांना दाखवा.