क्लासला न्यायचं मशीन

क्विल्टिंगच्या क्लासला नाव घातलं की बहुतेक ठिकाणी पहिली सूचना हीच असते: आपापलं मशीन घेऊन या. घरात सासूबाईंच्या वेळचं काळं, बिडाचं मशीन असतं. टीप अजूनही एकसारखी पडते, पण ते रिक्षात घालून न्यायचं म्हणजे कंबरेची परीक्षा. मग ‘हलकं, पोर्टेबल’ असं मोबाइलवर शोधणं सुरू होतं आणि घोळ तिथेच होतो. कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातींची मशिनं शेजारी शेजारी विकायला ठेवलेली असतात.

पहिली जात किलो-दीड किलोची. चार पेन्सिल सेलवर किंवा सहा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी, दिसायला गोंडस. पण क्विल्टमध्ये दोन शिवणी जिथे एकमेकींना छेदतात तिथे कापडाचे चार ते आठ थर एकावर एक येतात. तिथे हिची सुई अडते, टाके सुटतात, दोरा गुंततो. नातीला खेळायला हवं असेल तर जरूर घ्या.

दुसरी जात साधारण पाच ते सात किलोची. वरचं कवच प्लॅस्टिकचं असलं तरी आतला सांगाडा धातूचा, आणि मोटर २३० व्होल्टची. क्लासला हीच लागते. थोडं वजन हवंच, त्याला कारण आहे. पायाने कंट्रोलर पूर्ण दाबला की सुई मिनिटाला सहाशे-आठशे वेळा खाली-वर होते. तो प्रत्येक धक्का मशीनच्या अंगाने पचवायचा असतो. अंग फारच हलकं असेल तर मशीन टेबलावर सरकायला लागतं आणि त्याबरोबर तुमची शिवणही.

हलकं आणि तरीही स्थिर, हे कोडं एका मशीनने फार पूर्वी सोडवलं. सिंगरचं फेदरवेट २२१ हे मॉडेल १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास आलं. अंग ॲल्युमिनियमचं, वजन जेमतेम पाच किलो, बाजूचा पाट दुमडून पेटीत बसणारं. ते फक्त सरळ टीप घालतं. झिगझॅग नाही, काजं नाहीत. त्याचं उत्पादन थांबून अर्धशतक उलटलं, तरी अमेरिकेतल्या क्विल्टर बायका जुनी फेदरवेट दुरुस्त करून आजही क्लासला नेतात. सरळ टीप बिनचूक येत असेल तर बाकीच्या गोष्टींवाचून काही अडत नाही, एवढं त्यावरून कळावं.

बिनचूक म्हणजे किती? पॅचवर्कची शिवण पाव इंचाची, म्हणजे सहा मिलिमीटरहून किंचित जास्त. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे सुरुवातीला जाचक वाटतं. ब्लाउजला अर्धा-एक इंच माया ठेवतात, चुकलं तर उसवून सैल करता येतं. गोधडीतही तुकडा जरा दुमडून धावदोरा घातला की भागतं. इथे तसं नाही. अडीच इंचाचे आठ चौकोन ओळीने जोडले तर मध्ये सात शिवणी येतात आणि पट्टी साडेसोळा इंच भरायला हवी. प्रत्येक शिवण फक्त एक मिलिमीटर रुंद पडली, तर दोन्ही बाजूंचं कापड धरून एका शिवणीत दोन मिलिमीटर जातात. सात शिवणींत झाले चौदा, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. शेजारच्या बाईने नीट शिवलेल्या पट्टीला तुमची पट्टी मग काही केल्या जुळत नाही, आणि दोष कापणीला दिला जातो.

म्हणून मशीन घेण्याआधी एक चाचणी कराच. सुती कापडाच्या दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घरून अचूक कापून न्या. दुकानात त्या लांबीच्या बाजूने पाव इंचावर जोडा, शिवणी नखाने नीट दाबा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जाड पडतेय. कापड शिवणीवर दुमडतं तिथे दोऱ्याएवढी जागा जाते, म्हणून टीप पाव इंचाच्या केसभर आतच हवी. या मशीनला पाव इंचाचा फूट मिळतो का, हेही तिथेच विचारा. तो नसेल तर प्लेटवर कागदी टेप चिकटवून खूण करता येते, पण फुटाची सर तिला नाही.

त्याच पट्ट्यांवर आणखी एक गोष्ट दिसेल. झिगझॅग मशीनच्या प्लेटचं भोक आडवं, रुंद असतं. शिवणीच्या सुरुवातीला पातळ कापडाचा कोपरा सुईबरोबर त्यात ओढला जातो. सरळ टिपेची एकाच बारीक भोकाची प्लेट मिळत असेल तर उत्तम. नाहीतर आधी एका चिंधीवरून टीप सुरू करून तिच्या मागोमाग तुकडा सरकवायचा. थांबल्यावर सुई खालीच राहण्याची सोय असेल तर तिच्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत. पन्नास नक्षीदार टाक्यांसाठी मात्र एक रुपयाही देऊ नये.

या मशीनकडून पूर्ण क्विल्टची अपेक्षा धरू नका. वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर यांची गुंडाळी सुई आणि मशीनच्या खांबामधल्या जागेतून जावी लागते आणि लहान मशीनला ती जागा अपुरी पडते. क्लासमध्ये तुकडे जोडावेत, तिन्ही थरांचं काम घरच्या मोठ्या मशीनवर किंवा हाताने करावं.

अमेरिकेतल्या भाचीने ‘इथे स्वस्त आहे, आणू का?’ म्हटलं तर मोह आवरा. तिथलं मशीन ११० ते १२० व्होल्टचं. आपल्या सॉकेटला थेट लावलं तर मोटर जळते. ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि त्याचंच वजन किलोभर वाढतं.

वजन मोजायचं ते सगळ्याचं मिळून: मशीन, कव्हर, कंट्रोलर, वायर, कात्री, बॉबिनची डबी. घरच्या काट्यावर आधी नुसत्या उभ्या राहा, मग सगळं हातात घेऊन. फरक तोच खरा आकडा. क्लास दुसऱ्या मजल्यावर असेल तर हा आकडा जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा. नेताना सुई काढून ठेवावी, फुटाखाली कापडाची घडी घालून तो खाली करावा. चाकांच्या बॅगेत नेत असाल तर खाली फोम घाला, रस्त्याचे हादरे थेट मशीनला बसतात.

आणि दुकानदार तुमच्या पट्ट्या तुम्हाला स्वतः शिवू देत नसेल, नुसतंच ‘ताई, गॅरंटी आहे’ म्हणत असेल, तर खुशाल पुढच्या दुकानात जा.