जुन्या वाड्यांतील विजेच्या नव्या तारा

सदाशिव पेठेंतील जुन्या वाड्यांचा सांगाडा लांकडी असतो. अशा घरांत लांकडी पट्ट्यांवरून नेलेल्या जुन्या तारांचें रबर उष्णतेनें व काळानें कडक होऊन गळूं लागतें. मग एक ठिणगीही वाळलेल्या सागवानास पुरते. म्हणून तारा बदलणें प्राप्त होतें. परंतु दिवे लागले म्हणजे काम पुरें झालें, हा समज खोटा होय. प्रवाह सोडण्यापूर्वीं मेगर नांवाच्या यंत्रानें ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांवरील आवरणाचा रोध मोजावा. तो निदान १० लक्ष ओहम भरावा. अर्थिंगची तार प्रत्येक प्लगापर्यंत पोहोंचली आहे ना, तें पाहावें. प्रवाह सोडल्यावर, ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारा खटका त्याचें बटण दाबून पारखावा. या तिन्ही परीक्षा उतरल्यावरच वायरमनला निरोप द्यावा.