खानावळीतले ताट

घरचे जेवण सर्वांना ठाऊक आहे. लग्नातली पंगतही ठाऊक आहे. पण कामासाठी परगावी गेल्यावर माणसाने जेवायचे कुठे? त्याची सोय म्हणजे खानावळ. पैसे द्यावेत आणि पोटभर जेवावे, असा तिथला सरळ व्यवहार. पण या साध्या व्यवहारात दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक आपल्या अन्नाचा मान आणि दुसरा आपला स्वतःचा मान. त्या दोन्हींविषयी आम्ही इथे सांगणार आहोत.

उमरग्याचे ताट

उमरगा हे धाराशिव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. सोलापूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता इथून जातो. कर्नाटकाची हद्दही जवळच आहे. कुणी तहसील कचेरीत येतो, कुणी दवाखान्यात, कुणी बाजाराला. त्यामुळे इथल्या खानावळीत शेतकरी, मजूर, ट्रकवाले, विद्यार्थी असे सगळे भेटतात. एका बाकावर मराठी ऐकू येते, तर दुसऱ्यावर कानडी नाहीतर उर्दू.

ताटात काय असते? ज्वारीची भाकरी, पिठले किंवा डाळ घातलेली पालेभाजी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. कधी आमटी येसराची असते. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळले की येसर होते. ते घातले की थोड्या आमटीत पुष्कळ माणसे जेवतात. सामिष खानावळीत काळ्या मसाल्याचा रस्सा मिळतो. भाकरी चुरावी, वर रस्सा ओतावा आणि जेवावे.

आता कुणी म्हणेल, "यात काय विशेष? हे तर आमचे रोजचेच." बरोबर आहे. पण या रोजच्या अन्नाची कहाणी ऐकण्यासारखी आहे.

भाकरीचा प्रवास

ज्वारी मूळची आपली नाही. ती आफ्रिका खंडातली. चवळीही तिथलीच. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये आपल्याकडे आली आणि आपलीच होऊन गेली.

तीच धान्ये दुसऱ्या एका वाटेने अमेरिकेत गेली. ती वाट मात्र फार दुःखाची होती. गोऱ्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतली माणसे पकडून अमेरिकेत गुलाम म्हणून विकली. त्यांच्याबरोबर चवळी, ज्वारी अशी पिकेही समुद्रापार गेली. मालक चांगलेचुंगले खाई आणि उरलेसुरले गुलामांच्या वाट्याला येई. त्या बायांनी त्यातूनच चव काढली. मक्याची भाकरी, चवळीची उसळ, शिजवलेला पाला, डुकराचे पाय. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण हे जेवण राहिले. १९६० च्या सुमारास काळे लोक त्याला अभिमानाने 'सोल फूड' म्हणू लागले. सोल फूड म्हणजे जिवाचे अन्न. आज तिथल्या गल्लीबोळांत या जेवणाच्या साध्या खानावळी आहेत आणि सर्व रंगांचे लोक तिथे जेवतात.

आपल्याकडेही असेच घडले आहे. भाकरी-ठेचा म्हणजे गरिबाचे खाणे, असे पुष्कळ लोक म्हणत. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीही पिकली नाही. तेव्हा अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी लोकांनी खाल्ली. दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली. आज चांगली ज्वारी कित्येकदा गव्हापेक्षा महाग पडते आणि शहरातले लोक भाकरीसाठी खानावळ शोधतात. २०२३ हे साल तर सगळ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्यात आपली ज्वारीही होती.

धाराशिव जिल्ह्यातलेच लेखक शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर एक पुस्तक लिहिले आहे. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे त्याचे नाव. ते २०१५ साली निघाले. ज्या पदार्थांना लोकांनी नाके मुरडली, ते पदार्थ त्यांनी करण्याच्या रीतीसह लिहून ठेवले. पुढे ते पुस्तक इंग्रजीतही गेले. गरिबाचे अन्न म्हणजे हलके अन्न, हा समज खोटा आहे. कमी सामानात चव आणणे ही मोठी विद्या आहे.

बाकावर बसण्याचा हक्क

अन्नाचा मान झाला. आता माणसाच्या मानाकडे वळू.

पूर्वी पैसे असूनही सगळ्यांना खानावळीत बसता येत नसे. कुणाला बाहेर उभे करीत. कुणाची कपबशी वेगळी ठेवीत. सुमारे शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाच्या माणसाला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला हॉटेल काढायला मदत केली. पण त्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाच प्यायला, मग इतरांनी नाही कसे म्हणावे?

अमेरिकेतही काळ्या माणसांना गोऱ्यांच्या शेजारी बसून खाता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांना कुणी वाढले नाही. ते भांडले नाहीत आणि उठलेही नाहीत. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. त्याच वर्षी जुलैत ते टेबल सर्वांना मोकळे झाले. १९६४ साली देशभर तसा कायदा झाला.

आपल्या देशात हा हक्क २६ जानेवारी १९५० पासून आहे. घटनेचे १५ वे कलम सांगते की धर्म, जात, स्त्री-पुरुष भेद किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात, हॉटेलात, खानावळीत जायला अडवता येणार नाही. १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली त्यासाठी वेगळा कायदा झाला. अस्पृश्य मानून कुणाला आत येऊ न देणे हा गुन्हा आहे. सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. त्याला एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड आहे. कुठे असे घडले तर गप्प बसू नये. पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

चुलीमागच्या बाया

ताट वाढणारा आपल्याला दिसतो. भाकरी थापणारी बहुधा दिसत नाही. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या शेकडो बाया होत्या. त्या घरातच खानावळ चालवीत. कामगार पगार झाल्यावर पैसे देई. तोवर किराणा आणायचा कशाने? सावकाराकडून. व्याज भरता भरता कमाई संपून जाई. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बायांना बँकेचे कर्ज मिळू लागले आणि सावकाराचा पाश सुटू लागला. आपल्या गावातही पाच-दहा बायांचा बचत गट अशी खानावळ काढू शकतो. हात आहेत, चव आहे. हिशेब मात्र लिहून ठेवला पाहिजे.

पाटी वाचा

आता तुम्हाला वाचता येते. त्याचा खानावळीत मोठा उपयोग आहे. बसण्याआधी दराची पाटी वाचा. ताटात किती भाकरी येतात ते विचारा. जादा भाकरीचे पैसे वेगळे पडतात की नाही, तेही विचारा. समजा, ताट ८० रुपयांचे आहे आणि जादा भाकरी १५ रुपयांची. तुम्ही दोन भाकऱ्या जादा घेतल्या. तर ८० अधिक ३० म्हणजे ११० रुपये झाले. गल्ल्यावर १२० मागितले तर शांतपणे हिशेब करून दाखवा.

भिंतीवर आणखी एक कागद शोधा. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला सरकारी परवाना किंवा नोंदणी लागते. तिचा आकडा १४ अंकी असतो आणि तो दिसेल असा लावावा लागतो. पाणी झाकलेले आहे का, अन्नावर माश्या बसतात का, तेही बघा. हात धुवा, मगच ताटाला हात लावा.

आणि एक लक्षात ठेवा. दाम मोजून जेवणारा माणूस कुणाचे उपकार घेत नाही. म्हणून कोपरा धरून बसू नका. मोकळी जागा बघा, खुशाल बसा आणि आपली भाकरी मागा. शेजारी कुणी नवखा येऊन बसला तर थोडे सरकून त्यालाही जागा द्या.