हरण्या आणि झाडाची कात्री

रावेर-यावलकडे ज्यांचे केळीचे मळे आहेत, त्यांना 'हरण्या' हा शब्द नवा नाही. पानावर पिवळसर पट्टे उमटतात, पोंगा सडू लागतो आणि शेतकरी मुकाट्याने झाड उपटतो. काकडीवरून नाव पडलेल्या एका विषाणूचा हा प्रताप. मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. मग झाड बिचारे नुसते सोसतच राहते काय?

तसे नाही. पेशीतील जनुकांचा मूळ लेख केंद्रकात जपलेला असतो. प्रथिन बनवावयाचे तर त्याची नक्कल बाहेर धाडावी लागते. ही नक्कल म्हणजे आरएनए. या विषाणूचा तर मूळ लेखच आरएनएचा! तो पेशीत आपल्या प्रती काढू लागला, की एकेरी धागा दुहेरी होतो. झाड नेमके हे दुहेरीपण ओळखते. त्याचे एक प्रथिन त्या धाग्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करते. दुसरे त्यातील एक तुकडा नमुन्यादाखल हाती धरून त्याच्याशी जुळणारा आरएनए हुडकते आणि कापते. वनस्पतींतील हे तुकडे हॅमिल्टन व बॉल्कम यांनी १९९९ साली दाखवून दिले.

हीच युक्ती घरच्या कारभारातही चालते. झाड स्वतःच्या जनुकांपासून असे चिमुकले आरएनए घडविते. रोपाच्या बाल्यात त्यांतील एक विपुल असतो व फुलोऱ्याकडे नेणाऱ्या जनुकांना गप्प ठेवतो. वय वाढले, की तो ओसरतो. जनुके तीच, कोणी केव्हा बोलावे, एवढेच हे तुकडे ठरवितात.

मग हरण्या होतोच का? कारण विषाणूही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. त्याच्यापाशी 'टू-बी' नावाचे प्रथिन आहे. ते कात्री चालविणारा हातच धरून ठेवते.

तरीही ही कात्री माणसाच्या उपयोगी पडली आहे. हवाई बेटांत विषाणूचेच एक जनुक पपईत घालून रिंगस्पॉट रोगाला दाद न देणारी जात १९९८ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. केळीत शिरलेला हरण्या घालविणारे औषध मात्र आज नाही. म्हणून रोगमुक्त रोपे, माव्याचा बंदोबस्त, बागेत काकडी-भोपळा न लावणे आणि पट्टे दिसताच झाड उपटून पुरणे, हेच उपाय. उपटलेले झाड बांधावर टाकू नका. त्यावरचा मावा शेजाऱ्याच्या मळ्यात जातो.