संगणकाचेही पूर्वरूप असते

व्याधी व्यक्त होण्याआधी पूर्वरूपे दिसू लागतात, आणि स्थानसंश्रयाच्या अवस्थेतच ती ओळखणारा वैद्य रुग्णाचे पुढील क्लेश टाळतो, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. परंतु ज्या संगणकात आज रुग्णांची टिपणे, औषधसाठा व फार्मसीच्या बॅचनोंदी साठविलेल्या असतात, त्याच्या बाबतीत आपण हा क्रियाकालाचा विचार क्वचितच करतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 11 ऑगस्ट 2018 रोजी बनावट डेबिट कार्डांद्वारे 28 देशांतील एटीएममधून काही तासांत हजारो व्यवहार झाले. 13 ऑगस्टला स्विफ्ट प्रणालीतून हाँगकाँगच्या बँकेत 13.92 कोटी रुपये वळविले गेले. एकूण हानी 94.42 कोटींची. व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची प्रतियंत्रणा उभी केली होती. त्यामुळे मंजुरीची विचारणा बँकेच्या मूळ नोंदींपर्यंत पोहोचतच नव्हती. विशेष म्हणजे, अशाच स्वरूपाच्या जागतिक लुटीचा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्या दिवशी बँकांकडे पाठविला होता.

तालुक्यात ज्वराची साथ आहे हे कळणे वेगळे आणि समोरच्या रुग्णात तिची लक्षणे शोधणे वेगळे. बाहेरून आलेली धोक्याची वार्ता आणि आपल्या संगणकातील नोंद ही दोन्ही ताडून पाहिली, तरच निदान होते. भारत सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था 2004 पासून असे इशारे प्रसिद्ध करीत आली आहे. एप्रिल 2022 च्या तिच्या आदेशानुसार व्यावसायिक संस्थांनी संगणकीय नोंदी 180 दिवस जपणे आणि हल्ल्याची माहिती 6 तासांत कळविणे आवश्यक आहे.

लहान चिकित्सालयासही हे अवघड नाही. दवाखाना बंद असताना कोणी प्रवेशाचा प्रयत्न केला काय, परवलीचा शब्द वारंवार चुकला काय, साठ्याच्या नोंदीत कारणाविना बदल झाला काय, हे आठवड्यातून एकदा पाहावे. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा. अन्यथा नोंद असूनही कर्ता कळत नाही. सॉफ्टवेअरच्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात. मे 2017 मधील ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनची रुग्णालये ठप्प केली, त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

नोंदींची दुसरी प्रत मात्र वास्तूबाहेर असावी. जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणने जे अनुभवले, ते आपल्या जिल्ह्यास विसरता येणार नाही. एकाच खोलीत ठेवलेल्या दोन प्रती एकदमच बुडतात. आर्थिक फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

शेड्यूल टीनुसार ठेवलेली बॅचची नोंद नाहीशी झाली, तर सदोष कल्प कोणाच्या हाती गेला हे शोधता येत नाही, आणि रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट एकदा बाहेर पडली की परत घेता येत नाही. निदानपरिवर्जन हीच येथेही प्रथम चिकित्सा होय.