सेकंदाला तेरा ठोके

लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात मेटलचा कार्यक्रम असला की जाहिरातीत वेळ आठची असते. त्यावर लिहिणाऱ्याने मात्र पाचलाच पोचावं. तेव्हा हॉल रिकामा असतो, कुणीतरी लादी पुसत असतं, आणि ड्रमर पाच-पाच मिनिटं एकच गोष्ट करत बसलेला असतो: उजव्या पायाने बेस ड्रमवर ठोका. धप्. धप्. धप्. मागे मिक्सरपाशी उभा असलेला माणूस एक बटण किंचित फिरवतो, मान वाकडी करून ऐकतो, हाताने 'अजून दे' अशी खूण करतो. मग डावा पाय. मग दोन्ही. या कंटाळवाण्या पाऊण तासात जे कळतं ते पुढच्या तीन तासांच्या गदारोळात कळणं कठीण, आणि माझं म्हणणं असं की शहरातल्या मेटल बँडांवर लिहिणाऱ्याचं निम्मं काम इथेच होतं. बँड चांगला की वाईट हे नंतर. आधी कानावर पडलं त्यातलं बँडचं किती, खोलीचं किती आणि यंत्रणेचं किती, याची वाटणी करावी लागते. ती न करता केलेली स्तुती आणि टीका सारख्याच बिनकामाच्या.

हे म्हणणं गणिताने पटावं. डेथ मेटलमध्ये मिनिटाला २०० बीट्सची लय ही अपवादाची गोष्ट नाही. त्या लयीत दोन्ही पायांनी बीटमागे चार ठोके धरले तर सेकंदाला तेराहून थोडे अधिक होतात. दोन ठोक्यांमधलं अंतर उरतं ७५ मिलिसेकंद. आता खोलीच्या भिंती कडक असतील, छत पत्र्याचं असेल आणि आवाज विरायला दीड सेकंद लागत असेल, तर एक ठोका मरेपर्यंत त्याच्या अंगावर आणखी वीस ठोके येऊन पडलेले असतात. ऐकणाऱ्याला ठोके ऐकूच येत नाहीत, नुसता गडगडाट येतो. त्यात गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत ८२ हर्ट्झला बोलते. हे बँड ती उतरवून किंवा सातवी तार चढवून ६२ पर्यंत खाली नेतात. बेस गिटार त्याच्याही खाली. बेस ड्रमचं अंग ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे चाळीतल्या एकाच नळावर सगळ्यांना एकाच वेळी पाणी भरायचं असतं. मिक्सरवरचा माणूस भांडण मिटवायला एक युक्ती करतो: बेस ड्रमचं पोट कमी करतो आणि तीन-चार हजार हर्ट्झजवळचं त्याचं 'टक्' वर काढतो. ठोके मोजता येऊ लागतात, पण ड्रम टाइपरायटरसारखा वाजू लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो लिहितो, 'ड्रमचा आवाज पोकळ होता.' पोकळपणा खरा, पण तो ड्रमरच्या खात्यावर टाकायचा नाही.

ड्रमरच्या खात्यावर काय टाकायचं ते त्याच्या डाव्या पायात असतं. उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय आळशी असतो. ७५ मिलिसेकंदांच्या अंतरात तो पंधरा-वीस मिलिसेकंद मागे पडला की चाल लंगडते. घोडा एका पायाने अधू असावा तशी. पुष्कळ ड्रमर बेस ड्रमला ट्रिगर लावतात. तो प्रत्येक ठोका ओळखून त्याजागी आधी ध्वनिमुद्रित केलेला, एकसारख्या जोराचा आवाज सोडतो. त्याने जोरातला फरक झाकला जातो, वेळेतला नाही. म्हणून ट्रिगर म्हणजे फसवणूक, ही जुन्या जाणत्यांची ओरड मला अर्धीच पटते. ट्रिगर लावलेला लंगडा पाय उलट जास्तच उघडा पडतो.

खोलीला इतकं महत्त्व कसं आलं, याचं कारण मुंबईच्या इतिहासात आहे. १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि पुढे धोबी तलावच्या रंगभवनाशी त्याचं नाव जोडलं गेलं. रंगभवन हे खुलं नाट्यगृह. डोक्यावर आकाश, त्यामुळे वर गेलेला आवाज परत येत नाही. वादन जसं असेल तसं सरळ समोर पोचतं. पण शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, कामा रुग्णालय आणि गोकुळदास तेजपाल रुग्णालय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरवला, दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. एवढ्यात मेटल सोडा, जोरकस कीर्तनही बसायचं नाही. काही वर्षांतच रंगभवनातले कार्यक्रम थांबले. त्याच नियमांत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, मात्र बंदिस्त जागेला सूट; मग हे संगीत आत शिरलं. मथुरादास मिलमधलं ब्लू फ्रॉग २००७ ते २०१६ चाललं, खारचं अँटीसोशल पुढे लोअर परळला आलं. कायद्याने जागा बदलली आणि जागेने संगीताचं ऐकणं बदललं. रंगभवनाच्या काळातल्या बँडांची आठवण काढून 'तेव्हाचा आवाज कसा मोकळा होता' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोकळा होताच, त्याचं श्रेय वादकांइतकंच आकाशाला द्यायला हवं.

दुसरी वाटणी क्रमाची. एका संध्याकाळी चार बँड असले की साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची ती आवाजाची जुळवणी, उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारा मोठा बँड आधी तपासून घेतो, पहिला वाजवणारा सर्वांत शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच ठेवून कार्यक्रम सुरू करता येतो. कागदावर व्यवस्था शहाणपणाची आहे. प्रत्यक्षात मोठ्यांचा साउंडचेक लांबतो, दारं उघडायची वेळ होते, आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या पहिल्या बँडला दहा मिनिटं मिळतात; कधी तीही नाहीत. मग पहिल्या दोन गाण्यांत गिटार ऐकू येत नाही, गाणाऱ्याला मॉनिटरमधून स्वतःचा आवाज येत नाही म्हणून तो ताणतो, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत मिक्सरवाला वाट काढतो. जाणता समीक्षक पहिल्या बँडबद्दल लिहिताना तिसऱ्या गाण्यापासून हिशेब धरतो. ही दया नाही. पुरावा कुठून ग्राह्य धरायचा याचा नियम आहे.

आता वर्गवारीचा प्रश्न. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, ग्राइंडकोर ही नावं ऐकून बाहेरचा माणूस हसतो. मराठी वाचकाने तरी हसू नये. वामनराव देशपांड्यांनी १९६१च्या 'घरंदाज गायकी'त घराण्यांची मांडणी केली ती स्वर आणि लय यांना कोण किती वजन देतं या कसोटीवर. मेटलच्या शाखा तशाच मोजता येतात: डूम लय जवळजवळ सोडून देतो आणि एका सुराच्या वजनावर उभा राहतो, थ्रॅश उजव्या हाताच्या छेडण्यावर जगतो, ब्लॅक मेटल लय इतकी वाढवतो की ती पुन्हा स्थिर वाटू लागते. शाखा कळली की काय मागायचं ते कळतं. गटस्लिटसारख्या ब्रूटल डेथ मेटल वाजवणाऱ्या मुंबईच्या बँडकडे गुणगुणता येईल अशी चाल मागणं म्हणजे ध्रुपदियाकडे ठुमरीचा नखरा मागणं. गाणाऱ्याच्या गुरगुरण्याचंही तसंच. तो आवाज मूळ स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंपित करून काढतात. श्वास पोटातून नीट सुटला तर तासभर टिकतो, गळा आवळून काढला तर चौथ्या गाण्याला फाटतो. शब्द कळले की नाही यापेक्षा शब्दांचे आघात बेस ड्रमवर बसले की नाही हे इथे ऐकायचं असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो आतूनच. ही मंडळी नोकऱ्या सांभाळून वाजवतात, खिशातले पैसे घालतात, समोर दीडशे माणसं, त्यातली निम्मी दुसऱ्या बँडांतली. अशा चिमूटभर जगात कसली कठोर समीक्षा करता? शिवाय समीक्षक त्यांच्याच घोळक्यात उभा, उद्या भेटणार. आक्षेपातलं वर्णन खरं आहे, निष्कर्ष नाही. ख्यालाच्या बैठकीचं गिरगावातलं जगही असंच लहान आणि एकमेकांच्या ओळखीचं होतं. केशवराव भोळे स्वतः संगीतकार, प्रभातच्या चित्रपटांना चाली देणारे, आणि तेच 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहीत होते. ओळखीने त्यांचं लिहिणं बोथट झालं नाही, कारण ते गायकाचा आवाज कसा लागतो, तान कुठून सुटते, हे सांगत. माणसाचा निकाल लावत नसत. तपशिलावर उभी असलेली टीका लागते, पण अपमान करत नाही. 'दुसऱ्या गाण्याच्या शेवटी लय १८० वरून खाली घसरली आणि गिटारवाले वाट बघत राहिले' हे वाक्य ड्रमर तालमीच्या खोलीत घेऊन जाऊ शकतो. 'आपल्या पोरांनी राडा केला!' याचं तो काय करणार? आणि बाहेर कुणी आपली पोरं म्हणून ऐकत नाही. डेमॉनिक रेझरेक्शन या मुंबईच्या बँडला २०१० साली 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार मिळाला, तो जगभरच्या बँडांच्या पंगतीत बसून.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. अल्बम घरबसल्या ऐकता येतात, प्रत्येक कार्यक्रमाचे मोबाइलवरचे व्हिडिओ असतात. मध्ये समीक्षक कशाला? पण या दोन्ही साक्षी आपापल्या परीने वाकड्या आहेत. स्टुडिओत ड्रमचा प्रत्येक ठोका संगणकावरच्या रेघेला ओढून बसवता येतो, गिटारचा एक तुकडा नीट वाजवून दहा ठिकाणी चिकटवता येतो. अल्बम सांगतो बँडला काय करायचं होतं. मोबाइलचा माइक आवाज मोठा झाला की तो दाबून टाकतो आणि खालचे सूर त्याला पेलतच नाहीत; व्हिडिओत गर्दी दिसते, बेस गिटार नाहीसं होतं. हेतू आणि करणी यांतलं अंतर मोजायला दोन्ही ऐकलेलं, आणि खोली ओळखणारं माणूस लागतं. भयानक मौत या बँडचा २०१४चा 'मॅन' हा अल्बम ऐकून गेलेल्याने हॉलमध्ये ऐकायचं ते हेच: दोन गळ्यांची अल्बममधली विभागणी मंचावर शाबूत राहते का, की दोघे एकमेकांवर ओरडतात.

उरला परकेपणाचा आक्षेप, जो गिरगाव-लालबागच्या घरांतून हमखास येतो. हा गोंगाट आपला नाही. लालबागच्या मिरवणुकीतला बेंजो आठवावा. कळा दाबून वाजवायचा, पिकअप बसवलेला तो बुलबुलतरंग अॅम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर ओढला की जो फाटका, धारदार आवाज निघतो, त्यालाच गिटारवाले डिस्टॉर्शन म्हणतात. कानांना सवय आहे. फक्त नाव वेगळं. पण इथे उलट दिशेची एक भाबडी कल्पनाही टाळायला हवी, आणि ती मला जास्त घातक वाटते: बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बोटांची टोकं गमावलेल्या गिटारवादक टोनी आयोमीपासून हे संगीत सुरू झालं, म्हणून गिरणगावात ते 'घरी आलं'. आयोमीने तारा सैल केल्या, आपल्या बँडच्या १९७१च्या अल्बममध्ये काही गाण्यांत दीड सुराने उतरवल्या, हे खरं. पण १८ जानेवारी १९८२ला संपावर गेलेल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा आणि मथुरादास मिलमधल्या मंचाचा संबंध भिंतीपुरता आहे. वाजवणारे बहुतेक उपनगरातल्या इंग्रजी शाळांतून आलेले, आणि तिथल्या बिलाच्या रकमा साच्यावरच्या माणसाच्या नव्हेत. रोमँटिक वाक्य लिहायला सोपं असतं; समीक्षकाने ते खोडावं.

आपलेपणा शोधायचा तर रचनेत शोधावा. डेमॉनिक रेझरेक्शनच्या २०१७च्या 'दशावतार'मध्ये दहा अवतारांवर दहा गाणी आहेत. गिरणगावातल्या कोकणी घरांना दशावतार म्हटल्यावर आठवतो तो पूर्वरंगातला संकासुर, नंतरचं आख्यान, आणि युद्धाला चढणारी पखवाज-झांजेची लय. अल्बमला या प्रयोगाशी देणंघेणं नाही. त्याचा दशावतार पुराणकथेतला, सिंफनीच्या थाटाचा. हा दोष नाही, पण भारतीय वाद्याचा तुकडा आला म्हणून 'अस्सल मातीतलं' असं लिहिणंही बरोबर नाही. स्क्राइब या बँडने अल्बमांना 'मार्क ऑफ तेजा' (२०१०) आणि 'हेल मोगॅम्बो' (२०१४) अशी नावं ठेवून हिंदी सिनेमाची थट्टा मेटलच्या रागीट चेहऱ्यावर फासली, ते मला अधिक मुंबईचं वाटतं. दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीत चेंगरताना शेजारचा जो विनोद करतो, त्या जातीचं.

कार्यक्रम संपल्यावर दिवे लागतात, ड्रमर आपली पेडलं सोडवून पिशवीत भरतो, शेवटच्या लोकलची घाई सुरू होते. मंचाच्या लादीवर, मॉनिटरच्या पायाशी चिकटपट्टीने लावलेला एक कागद मागे राहतो. गाण्यांचा क्रम स्केचपेनने लिहिलेला, पाण्याने अर्धा फुगलेला, त्यावर बुटाचा ठसा. चौथ्या गाण्यापुढे 'सी' लिहून गोल केलेलं असतं, म्हणजे तिथे तारा उतरवायच्या. सहाव्यावर काट मारलेली असते, कारण वेळ संपत आली होती. पट्टी हळूच सोडवून तो कागद वहीत ठेवायचा, आणि काट मारलेल्या गाण्याचं नाव मुद्दाम वेगळं उतरवून घ्यायचं.